सुया लाल व्हायची वाट पाहू नका

स्प्रूस या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, लाल होईपर्यंत साल पोखरणारे भुंगेरे बहुतेकदा पुढच्या झाडांवर पोचलेले असतात. म्हणून वसंतात हवा साधारण १६ अंशांच्या वर गेली की कोरड्या दिवशी बुंध्याशी वाकून बघा. सालीच्या खपल्यांत, कोळ्याच्या जाळ्यात कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा दिसला, तर झाड हिरवंगार असलं तरी लागण झालेली आहे. पावसानंतर शोधू नका, भुसा धुऊन जातो.

अंड्यापासून भुंगेरा व्हायला ६ ते १० आठवडे लागतात. त्याआत झाड तोडून ओंडके जंगलाबाहेर न्या. सालीखाली नुसत्या पांढऱ्या अळ्या असतील तर साल सोलली तरी पुरतं. भुंगेरे तयार झाले असतील तर सोललेली साल तिथेच टाकणं घातक. साल गळून गेलेली जुनी वाळकी झाडं मात्र कृपा करून राहू द्या, त्यांत हे भुंगेरे उरलेले नसतात. वादळात पडलेली ताजी झाडं सगळ्यात आधी उचला.