सीताफळावरचा पिठ्या ढेकूण: आधी मुंग्या अडवा

सीताफळाच्या खोडावर मुंग्यांची रांग लागली की वर पिठ्या ढेकूण ही पांढरी, मेणचट कीड आहे असं धरून चाला. तो रस शोषून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यापायी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. बालाघाटच्या पट्ट्यात फवारणीवर फवारणी होते, पण मुंग्यांकडे कुणी बघत नाही.

पावसाळ्याआधी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर खोड गोणपाटाने घासून सैल साल काढा. तिथे वीतभर रुंद जाड प्लास्टिक गुंडाळा, वर-खाली सुतळीने आवळा, खालच्या कडेला चिखल लिंपा आणि प्लास्टिकवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नये, सालीला इजा होते. एवढं करूनही मुंग्या वर दिसल्या तर सालीची भेग उघडी राहिली असेल, नाहीतर जमिनीला टेकलेली एखादी फांदी किंवा उंच गवत. पट्टीवर धूळ बसली की ग्रीस पुन्हा लावावं लागतं.

मग निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळी भरडून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबण विरघळवून मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, तिथे साठवलेलं पावसाचं पाणी बरं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात अर्काचा गुण जातो. हा उपाय पिल्लांवरच चालतो. मोठ्या किडीच्या अंगावरच्या मेणावरून पाणी ओघळून जातं, मग औषध कुठलंही असो.

मोठ्या किडीसाठी तिला खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे आहेत, 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेले. एकरी 600, संध्याकाळी, कीड असलेल्या झाडांवरच सोडा. त्यानंतर रासायनिक फवारणी पूर्ण बंद. या भुंगेऱ्याची अळी पांढरी, लोकरीसारखी असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. कीड समजून लोक तीच चिरडतात! आकाराने मोठी आणि भराभर चालणारी दिसली तर हात लावू नका.

हवा दमट असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी फवारा, लिटरला 5 ग्रॅम. सोबत बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) नको, बुरशीच मरेल.

फळाचे डोळे उघडू लागले की कीड खाचांत शिरते आणि फवारा पोचत नाही. अशी फळं तोडून खोल पुरा, बांधावर फेकू नका.