फालशाचा गार चहा

इंदूरच्या उन्हाळ्यात दुपारी चारचा चहा सोडवत नाही आणि गरम कप हातात धरवतही नाही, म्हणून गेली काही वर्षे आमच्या घरी मे महिन्यात फालशाचा (फालसा म्हणजे जांभळ्या रंगाचे लहानसे आंबट फळ) गार चहा होतो. 

पूर्वी मी कडक चहा उकळून, गाळून थेट फ्रिजमध्ये ठेवत असे आणि थोड्याच वेळात तो गढूळ होई. चहातील कॅफीन आणि पॉलिफेनॉल (चहाला तुरटपणा देणारे घटक) गारव्यात एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागतात, हे पुढे कळले. त्याने काही अपाय होत नाही, पण पाहुण्यांपुढे असा पेला ठेवायला संकोच वाटतो. आता १ लिटर साध्या पाण्यात १० ग्रॅम चहापत्ती घालून, भांडे झाकून, ती रात्रभर फ्रिजमध्येच भिजू देते. असा चहा नितळ राहतो आणि त्यात कडवटपणाही कमी उतरतो.

वाटीभर फालसे हाताने कुस्करून गाळून घ्यावेत. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या की रस तुरट लागतो. गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, त्यामुळे तिचा पातळ पाक आधीच करून ठेवावा आणि फालशाच्या रसाबरोबर तो गाळलेल्या गार चहात मिसळावा. चिमूटभर काळे मीठ आणि पुदिन्याची दोन पाने पुरेशी होतात. लिंबू मात्र पिळू नये, कारण फालसा मुळातच आंबट असतो. बर्फ अगदी शेवटी, पेल्यातच घालावा.