कडेला काय लागतं?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती भूगोलाच्या खोलीतली डिंकाची बाटली.

आमच्या सरांनी कुठून तरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या दोन टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारे सरकारी नकाशे, पैदा केल्या होत्या, एक ४६ एच मधली आणि एक ४७ ई मधली. दोन कशाला, तर २० अंशाचं अक्षवृत्त आपल्या नाशिकच्या बरोब्बर मधून जातं आणि शीट तिथेच संपते. रामकुंड वरच्या शीटवर, नाशिकरोड स्टेशन खालच्या. आम्ही ओरडलो, सर, गावाचे दोन तुकडे केलेत की! तर सर म्हणाले, "अगं, कागद म्हटला की कुठंतरी कापावा लागणारच, यावेळी आपल्यावर आलं एवढंच. कडेला काय छापलंय ते वाच." कडेला छोटी चौकट होती, शेजारी कुठल्या नंबरची शीट लागते ते सांगणारी. मग डिंक लावून जोडकाम झालं आणि आमच्या हातून तपोवनाच्या आसपास गोदावरी जराशी सरकली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मात्र फळ्यावर कळल्याच नव्हत्या, त्या कळल्या गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमुळे. पुराचं पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की काठावर जिथं जिथं पाण्याची कड येते ती एक रेषा, कमरेला लागलं की त्याच्या वरची, छातीला आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल उचलायला लागतात ती त्याच्याही वरची. (इंजिनिअर झालेले वर्गमित्र आता म्हणतील वाहत्या पाण्याला उतार असतो. असतो रे बाबांनो, पण आठवीला एवढं पुरतं.)

पण सरांची खरी खोड वेगळीच होती. ते वह्या तपासताना उत्तर बघायच्या आधी समास बघायचे. कुठल्याही धड्याच्या नोट्स काढल्या की समासात "कडेला काय लागतं" ते लिहायचंच, म्हणजे बेसाल्ट खडक लिहिला की बाजूला पांडवलेणी, इतिहास, सातवाहन. इतिहासात सातवाहन आले की बाजूला भूगोल, खडक. आम्हाला वाटायचं काय कटकट आहे, परीक्षेत समासाला मार्क थोडेच असतात, आणि नसायचेच.

पुढे मी लायब्ररी सायन्स केलं आणि आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमच्याकडे पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीनं लागतात. १८७६ ची पद्धत, सगळं ज्ञान दहा वर्गांत, ऐकायला एकदम टापटीप. प्रत्यक्षात कोणी पोरगी गोदावरीवर प्रोजेक्ट घेऊन आली की माझी पळापळ, कारण नदी, पाणी ५५१ नंबरला, धरणं ६२७ ला, कुंभमेळा २९४ ला आणि इतिहास ९५४ ला, तोही पार दुसऱ्या टोकाच्या मांडणीत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर अखंड वाहणारी नदी, आम्ही तिचे चार तुकडे करून ठेवलेत. ड्यूईला दोष देत नाही मी, एक पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, ते कुठंतरी ठेवायलाच हवं. पण एकदा एक मुलगी ६२७ वरची दोनच पुस्तकं घेऊन "एवढंच आहे वाटतं" म्हणत निघून गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू, समासाची तेव्हा आठवण झाली.

तेव्हापासून प्रत्येक मांडणीच्या कडेला मी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड चिकटवते. गोदावरी: इथे धरणं, बाकी ५५१, २९४, ९५४. कॅटलॉगमध्ये सर्च केलं तरी हे सापडतं म्हणा, पण मुलं मांडणीसमोर उभी राहूनच शोधतात.

परवा बघते तर त्या कार्डावर कुणीतरी पेन्सिलीनं अजून एक नंबर वाढवलाय, ६४१. म्हणजे पाककला. मिसळ असणार! खोडलं नाही मी, पेननं गिरवून ठेवलं.