जेराशचा डुलणारा खांब

आज जॉर्डनमध्ये अम्मानहून जेराश या जुन्या रोमन शहराचे अवशेष बघायला गेलो होतो. इ.स. १२९-३० च्या हिवाळ्यात रोमन सम्राट हेड्रियन इथे आला होता. त्याच्या स्वागताची कमान अजून उभी आहे. (पुण्यात मंत्री येऊन गेला की कमान दुसऱ्या दिवशी उतरवतात, तेच बरं.)

७४९ च्या भूकंपात बरंचसं शहर कोसळलं, पण आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळाचे खांब टिकले. तिथल्या एका काकांनी खांबाच्या बुडाशी, फटीत, स्टीलचा चमचा खोचला आणि खुणेने म्हणाले, बघत राहा. चमच्याचं टोक हळूहळू खाली-वर! एवढा थोरला दगडी खांब वाऱ्यावर डुलतो आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. बाबा फटीत बोट घालायला निघाले, आईने हात ओढला.

नाट्यगृह, लंबगोल चौक वगैरेंचे फोटो नंतर टाकते.

परतताना गाडीवाला म्हणाला, पाच मिनिटं घरी चला. चांगले दोन तास बसलो. शाकाहारी म्हटल्यावर त्याच्या आईने ऑलिव्ह तेलात मुरवलेली छोटी भरली वांगी, जातर (तिथला तीळ घातलेला कोरडा मसाला) आणि गरम रोट्या मांडल्या. माझ्या आईने एक वांगं फोडून सारण तपासलं. अक्रोड, लसूण, लाल मिरची. कृती खुणांनीच मिळवली.

मग वेलदोड्याची कडू कॉफी. पुरे झाली की रिकामा कप हलवून परत द्यायचा, ही तिथली रीत. आई मात्र 'नको नको' म्हणत कप पुढे करायची आणि तो पुन्हा भरायचा. आता रात्रीचे साडेबारा वाजलेत, ती टक्क जागी आहे, आणि सकाळी सहाला पेत्राला निघायचंय.