खोपा

गेल्या सप्टेंबरात चौथीतल्या एका मुलानं दप्तरातून सुगरणीचा खोपा आणला. नाल्यावरच्या बाभळीखाली पडलेला, बाजरीच्या पातीच्या धाग्यांचा. बहिणाबाईंची खोप्यावरची कविता पुढच्या आठवड्यात घ्यायची होती, ती मी त्याच दिवशी घेतली. त्यांचं माहेर आसोदा आमच्या शाळेपासून फार लांब नाही.

पुस्तक उघडलं नाही. खोपा हातोहात फिरला. मुलांनी आत बोटं घातली, तळाशी वाळलेला चिखल लागला. मग कागद, काळी शाई आणि कडुलिंबाची काडी दिली. दोनच अटी होत्या. एक, पक्षी जसा वरच्या गाठीपासून विणत खाली येतो तसंच काढायचं. दुसरी, खोडायचं नाही. चाळीस मिनिटं वर्गात काड्यांचा खरखर आवाज. एवढी शांतता मी भावार्थ लिहून देताना कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर कविता मोठ्यानं म्हटली. ‘झाडाले’ शब्द आला तशी दोघं-तिघं दचकून माझ्याकडे बघू लागली. घरी ती असंच बोलतात आणि शाळेत आम्ही ते ‘झाडाला’ करत आलो. माझं ते चुकलंच. त्या दिवशी सांगितलं, चित्राखाली दोन-तीन ओळी लिहा, घरी बोलता तशा. ‘सुंदर’ आणि ‘छान’ हे शब्द मात्र नकोत.

खोपा आणणाऱ्या मुलाला लिहिणं जड जातं. तो कागद घेऊन नुसता बसला होता. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं उतरवून घेतल्या, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. मी त्याला म्हटलं, "तू बोल, शेजारचा लिहील." तो लगेच बोलला:

खोप्याले दार नाही वर
सापाले भेटत नाही घर

शेजारच्यानं लिहून घेतलं आणि खाली नाव याचंच घातलं. न सांगता.

मग एका मुलीनं हात वर केला. "बाई, माझे बाबा म्हणतात, खोपा नर विणतो." खरं आहे ते. नर अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन पारखते, तिला पटला तरच पुढचं काम होतं. कवितेत मात्र सगळं श्रेय सुगरणीचं. वर्गात जोरात वाद झाला. बहिणाबाई चुकल्या का, यावर मी निकाल दिला नाही. मला त्या कवितेतली आई हवी आहे, आणि बाभळीवरचा बापही. त्या मुलीला नवा कागद दिला. तिनं फांदीवर मान वाकडी करून बघणारी मादी काढली आणि लिहिलं:

बापानं इनला खोपा
माय आत जाऊन पाहे
पक्का असला तं राहे

खोपा आता खिडकीच्या गजाला बांधलाय. वाऱ्यानं एखादी काडी खाली पडते. जो आधी येतो तो ती उचलतो आणि परत खोवून ठेवतो.