छप्पर फाटलं त्या साली

गणपतीला मंडळात भेट झाली की कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, तुम्ही क्रिकेटवाले, या अमेरिकन फुटबॉलच्या मिनेसोटा वायकिंग्ज संघाच्या नादी कसे लागलात? नुसते हरतात की!" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. छपरामुळे.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं जुनं मेट्रोडोम, म्हणजे वायकिंग्जचं स्टेडियम, १९८२ सालचं. वर टेफ्लॉन चढवलेलं फायबरग्लासचं कापड, आणि ते तोलून धरायला मोठमोठ्या पंख्यांनी आत कोंबलेली हवा. मॅच संपवून दारातून निघालं की ती हवा पाठीत ढोसून बाहेर काढायची. मी सोलापूरचा. आमच्याकडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवतात. इथे अख्खं छप्परच हवेच्या भरवशावर!

१२ डिसेंबर २०१०, रविवार. आदल्या दोन दिवसांत १७ इंच बर्फ पडलेला. छतावर बर्फ काढायला चढवलेल्या लोकांना वाऱ्यामुळे उतरवावं लागलं आणि पहाटे कापड फाटलं. आतल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं: छत पखालीसारखं लोंबतं, टर्रकन फाटतं आणि मैदानावर बर्फाचा धबधबा. नशिबाने कुणाला लागलं नाही. घरापुढचा बर्फ फावड्याने उपसून मी कंबर धरून बसलो होतो. ती क्लिप वीसेक वेळा तरी पाहिली असेल.

छप्पर पडलं आणि सीझन गेला, असं इथली मंडळी सांगतात. काहीतरीच. सीझन आधीच गेला होता. आदल्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, एका मॅचवर आलेला हा संघ तेव्हा ५ जिंकून ७ हरला होता. पास झेलणाऱ्या नामांकित रँडी मॉसला ऑक्टोबरात वाजतगाजत आणलं आणि महिन्याभरात घालवलं. नोव्हेंबरात कोच ब्रॅड चिल्ड्रेसना नारळ दिला.

न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धची 'घरची' मॅच सोमवारी डेट्रॉइटला झाली, २१-३ अशी हरली. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, ब्रेट फार्व्ह, त्याचा खांदा दुखावलेला. सलग २९७ मॅचेस सुरुवातीपासून खेळलेला माणूस त्या रात्री बाहेर बसला. पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं उघडं मैदान, समोर शिकागो बेअर्स. खालची जमीन दगडासारखी गोठलेली. फार्व्ह उतरला, आपटला, उठून गेला तो कायमचाच. ४१ वर्षांचा होता. तीही मॅच ४०-१४ अशी हरली. मी टीव्हीपुढे शाल पांघरून बसलो होतो आणि उगाचच घसा दाटला होता.

मग फिलाडेल्फियाची मॅच. तिथेही बर्फ, म्हणून रविवारची मंगळवारी ढकलली. १९४६ नंतर या लीगमध्ये मंगळवारी कुणी खेळलंच नव्हतं. फार्व्हच्या जागी जो वेब, पहिल्याच वर्षाचा पोरगा, मुळात निवडलेला पास झेलायला. समोर फिलाडेल्फियाचे ईगल्स, बलाढ्य. मी बायकोला म्हटलं, "पहिला क्वार्टर बघतो आणि झोपतो."

२४-१४. आपण जिंकलो. हो, त्या रात्री पहिल्यांदा 'आपण' म्हणालो.