तुम्ही विचारलंत म्हणून: हे झाड किती डिग्रीपर्यंत तग धरतं?

थंडी सुरू व्हायच्या जरा आधी उष्ण प्रदेशातल्या फळझाडांबद्दल हा प्रश्न येतोच. जाबुटिकाबा किती डिग्रीपर्यंत टिकेल, मँगोस्टीन बाहेर ठेवलं तर चालेल का, सॉवरसॉपच्या टॅगवर कोल्ड हार्डी, म्हणजे थंडी सोसणारं, लिहिलंय ते खरं का. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो, बाकी काही नको. पूर्वी मीही द्यायचे आकडा, अगदी बिनधास्त. आता देताना अडखळते, कारण असल्याच एका आकड्याच्या भरवशावर मी तीन वर्षांचं सॉवरसॉप घालवून बसलेय.

तेच आधी सांगते. सॉवरसॉप (कोणी मामफळ म्हणतं, कोणी लक्ष्मणफळ, कोणी हनुमानफळ, त्या घोळात मी पडत नाही) थंडीला भलतंच नाजूक. पारा पाचच्या आसपास घुटमळायला लागला की पानं गाळतं आणि शून्याच्या खाली लहान रोप गेलंच समजा. हे मला तोंडपाठ होतं. त्या रात्री झोपायच्या आधी भिंतीवरचा थर्मामीटर बघितला तर सहा, म्हटलं चला, आजची रात्र निघाली. सकाळी त्यातच रात्रीचा नीचांक बघितला तर तीन. म्हणजे शून्याच्या चांगलाच वर की! आणि झाडापाशी गेले तर पानांच्या कडांना पांढरी किनार, बोट फिरवलं तर खरखरीत, साखर सांडल्यासारखी. ऊन आलं तशी किनार विरघळली आणि खालचं पान दिसलं ते काळपट हिरवं, ओलसर, उकळत्या पाण्यातून बुडवून काढल्यासारखं. दुपारी सगळी पानं लोंबत होती.

थर्मामीटर खोटं बोलला नव्हता, तो फक्त स्वतःपुरतं सांगत होता. तो होता छपराखाली, दिवसभर तापलेल्या भिंतीला चिकटून, माझ्या डोक्याच्या उंचीवर, आणि झाड होतं उघड्यावर, कमरेएवढं, बागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पान आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-तीन डिग्री थंड होतं. त्यात गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खड्ड्यात साचते. ढग असते तर त्यांनी पांघरूण घातलं असतं, थोडा वारा असता तरी वरची गरम हवा खाली आली असती. म्हणून आता मी एक साधा थर्मामीटर झाडाशेजारीच, पानांच्या उंचीला, उघड्यावर टांगते आणि भिंतीवरचा बघतच नाही.

आता मूळ प्रश्न. थंडीने झाड मरतं म्हणजे नक्की काय होतं, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे गोठणं. बर्फाचे बारीक खडे आधी पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत तयार होतात आणि आतलं पाणी बाहेर ओढून घेतात, पेशी सुकून आक्रसतात, म्हणजे बर्फात झाड एका अर्थाने तहानेने मरतं. दुसरं म्हणजे नुसता गारठा, यात बर्फाचा संबंधच नाही. खऱ्या उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींची आवरणं दहा-बारा डिग्रीलाच घट्ट व्हायला लागतात, तूप थिजतं तशी, आणि आतला सगळा व्यवहार अडतो. कोकोला रात्रीचा पारा सतत पंधराच्या खाली गेलेला सोसत नाही. मँगोस्टीन विसाच्या खाली वाढायचं जवळजवळ थांबवतं आणि पाचच्या खाली त्याची आशा सोडायची. केळीची वाढ चौदाच्या आसपास थांबते. ही झाडं शून्य बघायच्या आधीच आजारी असतात.

उष्णकटिबंधातलं झाड म्हणजे गरम हवेतलंच असा आपला समज, पण विषुववृत्तावरसुद्धा डोंगर आहेत ना. दर हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा डिग्री उतरतात. चेरिमोया हे सीताफळाच्या कुळातलं झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवरचं, त्याला गार रात्रींची सवय, मोठं झाड उणे दोन-तीनचा झटका खाऊन उभं राहतं, आणि त्याचंच सख्खं चुलत भावंड सॉवरसॉप समुद्रसपाटीकडचं म्हणून पाचलाच कुरकुरतं. अ‍ॅव्होकॅडोत तर एकाच फळाची तीन घराणी आहेत: मेक्सिकोच्या डोंगरातलं उणे पाच-सहापर्यंत जातं, वेस्ट इंडियन म्हणतात ते उणे एक-दोनलाच करपतं, ग्वाटेमालाचं मधलं. मग अ‍ॅव्होकॅडो किती डिग्रीपर्यंत, याचं मी काय उत्तर देऊ? आणि सीताफळाच्या खानदानाचा चमत्कार म्हणजे त्याच कुळातलं उत्तर अमेरिकेतलं पॉपॉ, ते उणे पंचवीस सोसतं, पण ते हिवाळ्यात पानं टाकून चक्क झोपतं.

आणि टिकणं म्हणजे काय तेही ठरवा आधी. लोकाटचं झाड उणे अकरा-बाराला मरत नाही, पण ते फुलतं शरदात आणि फळ धरतं थंडीत, आणि ती फुलं-फळं उणे तीनच्या आसपास जातात. म्हणजे झाड हिरवंगार आणि तुम्ही वर्षानुवर्षं हात हलवत परत. आंब्याचंही तेच, मोठं झाड काही तास उणे तीन-चार काढेल पण मोहोर आणि बारीक कैऱ्या चार-पाच डिग्रीलाच बिघडतात. लिचीचं उलटं, तिला हिवाळ्यात थोडा गारवा मिळालाच नाही तर ती नुसती पालवी काढत बसते, मोहोर नाहीच.

त्यात झाडाचं वय. जाबुटिकाबाचं जुनं झाड, ज्याच्या खोडावरच जांभळी फळं लगडतात ते, उणे तीनच्या आसपास तग धरतं असं मी सांगते आणि लोक वीतभर रोप बाहेर ठेवून मला नंतर फोटो पाठवतात. अहो, त्या रोपाचं खोड पेन्सिलीएवढं! जाड खोड उष्णता धरून ठेवतं, बारीक काडी तासाभरात आरपार गार होते. किती डिग्री याच्याइतकंच किती तास हेही बघायला लागतं. उणे एकला पहाटेची वीस मिनिटं आणि उणे एकला रात्रभर, यांची तुलनाच नाही.

शिवाय आधीचे पंधरा दिवस कसे गेले ते. फ्लोरिडात 1894 च्या डिसेंबरअखेर मोठी थंडी पडली, संत्री गेली, पानं गेली, पण झाडं बरीचशी जगली. मग जानेवारी उबदार गेला, झाडांना रस चढला, कोवळी पालवी फुटली, आणि 1895 च्या फेब्रुवारीत पुन्हा साधारण तशीच थंडी आली तर यावेळी खोडं तडकून झाडं जमिनीपर्यंत मेली. हळूहळू गार होत गेलं की बरीच झाडं आतून तयारी करतात, ऊब मिळाली की ती तयारी मोडते. म्हणून पावसाळा संपल्यावर नत्राचं खत देऊ नका असं मी कानीकपाळी ओरडत असते. पालवी फुटते, दिसायला छान, आणि पहिल्याच गारठ्यात तीच जाते.

माझी दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे कारण ती मी काळजीपोटी केली. लिचीची दोन कलमं, शेजारी शेजारी. एकाच्या बुडाशी वीतभर जाड पालापाचोळा घातला, दुसऱ्यासाठी पाला पुरला नाही म्हणून ते तसंच, फक्त आदल्या दिवशी पाणी दिलेलं. रात्री दोन्हीवर काहीच घातलं नाही. पाचोळेवाल्याचे शेंडे करपले आणि उघड्याचं जेमतेम एखादं पान. खूप दिवस मला हे उमगेना. नंतर कळलं की ओली उघडी माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब वर सोडते, पाचोळा घातला की ती ऊब खालीच कोंडते. मुळं सुखात, शेंडा गारठलेला. आता मी थंडीच्या रात्रीआधी पाचोळा बाजूला सारते, मातीला पाणी देते, आणि कलमाच्या जोडावर मात्र मातीचा ढीग चढवते, कारण वरचं सगळं गेलं तरी जोडाच्या वर दोन डोळे जिवंत राहिले तर तीच जात परत मिळते. जोडाखालून फुटलं तर रानटी खुंट सांभाळत बसा.

पांघरूण जुन्या चादरीचं, जमिनीपर्यंत टेकलेलं, म्हणजे मातीची ऊब आत राहते. शेंड्याभोवती गुंडाळून खोडाला बांधलेली चादर म्हणजे नुसती टोपी. प्लॅस्टिक पानाला टेकलं की तिथलं पान हमखास जळतं. आत बल्ब लावायचा तर जुना पिवळा, चादरीपासून लांब, एलईडीने काही ऊब मिळत नाही. पाण्याचे फवारे मारण्याबद्दल विचारतात, तर पाणी गोठताना ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता सोडतं हे खरं, पण उडून जाताना सहाशेच्या आसपास ओढून नेतं. म्हणजे फवारा मध्येच थांबला किंवा वारा सुटला की झाड होतं त्याहून गार. बर्फ वितळेपर्यंत सलग चालवायची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि थंड वाराच सुटला असेल तर चादरीचाही फारसा उपयोग नाही, कुंडी उचला आणि आत घ्या.

करपलेलं झाड लगेच छाटू नका. मेलेल्या फांद्या दिसायला वाईट दिसतात, दिसू द्या. मी एकदा घाईने छाटलं, छाटल्याजागी कोवळे फुटवे आले आणि पुढच्याच थंडीत तेही गेले, म्हणजे झाडाची होती नव्हती शिल्लक मीच खर्च करवली. उन्हाळा लागेपर्यंत थांबायचं, मग नखाने साल खरवडायची, खाली हिरवं लागलं की जिवंत, तपकिरी लागलं की खाली सरकायचं. त्या सॉवरसॉपचं मी असंच वरून खाली खरवडत गेले. जमिनीला टेकले तरी तपकिरीच.

तर परवा ज्यांनी विचारलं त्यांना: जाबुटिकाबा कुंडीत वाढवा, पहिली चार-पाच वर्षं थंडीत आत घ्या, खोड मनगटाएवढं झालं की जमिनीत लावा. मँगोस्टीन बाहेर नको. टॅगवर काहीही लिहिलेलं असो.